माहेरचं मंडळ, सासरचं मंडळ

सासरहून माहेरी निघाले की वाटेत मला दोन फ्लेक्स लागायचे. एक धाटावच्या नाक्यावर, सासरच्या मंडळाचा. त्यावर हात जोडून उभे असलेले माझे धाकटे दीर. दुसरा गडबला हायवेलगत, माहेरच्या मंडळाचा. त्यावर काळा गॉगल लावलेला माझा सख्खा भाऊ. दोन्हींवर कबड्डीच्या भव्य स्पर्धेचं आग्रहाचं निमंत्रण असायचं आणि दोन्हींवर रविवार एकच असायचा.

हे चुकून होत नव्हतं. भाताची मळणी उरकली, थंडी पडायला लागली की दोन्ही मंडळं एकमेकांच्या तारखेवर डोळा ठेवून बसायची. एकाची तारीख फुटली की दुसरा हटकून तीच धरायचा. कारण जुनं होतं. कधीतरी माहेरच्या मैदानावर सासरचा संघ खेळायला गेला होता. चढाईला गेलेला सासरचा गडी पकडला गेला आणि निसटून परत आला. पंचाची शिट्टी तो निसटायच्या आधी वाजली की नंतर, यावरून वाद पेटला. पंच माहेरच्या मंडळातलाच होता. सासरचा संघ सामना अर्ध्यावर सोडून, अंगाची माती न झाडता टेम्पोत चढला तो गेलाच. त्यानंतर ना हे तिकडे खेळायला गेले, ना ते इकडे आले.

दादा डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. भावजी, म्हणजे माझे दीर, धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांना आणणारी बस चालवतात. दोघंही एरवी चांगली माणसं. माझ्या मुलीच्या बारशाला दोघंही आले, दोघांनीही पाळण्याची दोरी ओढली, पण ओटीवर एकाने पेपर वाचला आणि दुसऱ्याने अंगणात जाऊन नारळाच्या झाडाकडे बघत फोनवर वेळ काढला. नवरा म्हणायचा, तू यात पडू नकोस. तो स्वतः कशातच पडत नसे. त्याची कंपनीतली पाळी बदलत राहायची आणि उरलेला वेळ तो झोपायचा.

मी रोह्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. त्या एका रविवारी मी कुठल्याच मैदानावर जात नसे. गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घालायचं काम काढायचे, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं. दोन्हीकडच्या माइकवरचं समालोचन कुणीतरी मोबाइलवर लावायचंच आणि मी पापड उलटता उलटता ऐकायचेच. एकाच वेळी दोन मैदानांवर निम्मे-निम्मे संघ खेळायचे आणि निम्मी-निम्मी माणसं बघायची. चांगल्या संघांना कुणाचं निमंत्रण घ्यायचं हा प्रश्न पडायचा. काही संघ या भानगडीत नको म्हणून दोन्हीकडे न जाता थेट अलिबागकडे खेळायला जायचे.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या मुलींचा संघ फार छान जमला होता. काही मुली रोह्याच्या, काही कुंडलिका नदीच्या पलीकडच्या गावांतल्या, दोघी तर डोंगरावरच्या वाडीतून चालत येणाऱ्या. तालुक्यात जिंकल्या, पुढेही बऱ्यापैकी गेल्या. मग एका संध्याकाळी दादाचा फोन आला. स्पर्धेचं उद्घाटन मुलींच्या सामन्याने करायचं ठरवलंय, तुझ्या मुली आण, बायामाणसं बघायला येतील, असं तो म्हणाला. मला आनंद झाला. मी हो म्हणणार तोच दार वाजलं आणि भावजी आत आले, बसची किल्ली बोटात फिरवत. त्यांनाही नेमकं हेच हवं होतं. त्यांनी तर मुलींच्या जर्सीचा रंगही ठरवून ठेवला होता.

मी दादाला थांब म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकला. म्हणजे आता दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं.

मुलींचा संघ एकच आहे, मी म्हटलं, तो मी दोन तुकडे करून पाठवणार नाही. यायचं तर त्या एकाच ठिकाणी येतील.

"कुठं आणणार हायस मग?" दादाने विचारलं.

"तुम्ही दोघं मिळून जिथं भरवाल तिथं."

भावजींनी किल्ली खिशात घातली आणि चहासुद्धा न घेता गेले. दादानेही फोन ठेवला. नवरा झोपेतून उठून आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो फक्त म्हणाला, आता दोन्हीकडचं जेवण बंद होणार तुझं.

तसं झालं नाही. त्याच आठवड्यात दोघांनीही वेगवेगळा फोन केला आणि दोघांनीही एकच सांगितलं, की मला काही अडचण नाही, पण पलीकडचा ऐकायचा नाही. मग मी म्हटलं, ऐकत नाही ते समोरासमोर बसून सांगा. बसायचं कुठं यावरच पहिलं भांडण झालं. दादा रोह्याला येईना, भावजी माझ्या माहेरच्या गावात जाईनात. शेवटी गडबला हायवेवरच्या एका हॉटेलात भेटायचं ठरलं. पत्र्याची शेड, पुढे वडे तळायची कढई, मागे बाकडी. ट्रकवाल्यांशिवाय तिथे फारसं कुणी बसत नाही, म्हणून दोघांनाही ती जागा परकी, आणि म्हणून चालण्यासारखी वाटली.

दुपारची वेळ होती. दादा त्याची चार माणसं घेऊन डावीकडच्या बाकावर बसला. भावजी त्यांची चार माणसं घेऊन उजवीकडच्या. मी मधल्या बाकावर एकटीच. हॉटेलवाला दोन्हीकडे चहा देऊन गेला आणि मला विचारून गेला की मी कुणाच्या हिशोबात. मी म्हटलं, दोघांच्या. त्याने दोन कप आणून ठेवले.

बराच वेळ दोन्ही बाजूंनी त्या जुन्या शिट्टीचंच चाललं. कोण कुठे उभा होता, कुणी काय बघितलं. मी मध्ये बोलले नाही. शाळेत शिकलेय की मुलांचं भांडण मध्येच तोडलं तर ते दप्तरात भरून घरी नेतात. त्यांचं बोलून संपलं, चहाही संपला. मग भावजींच्या एका मित्राने सहज म्हटलं की यंदा आमच्याकडे लोखंडी गॅलरी तयार आहे, पोरांनी स्वतः वेल्डिंग केलंय, बायकांना बसायला वेगळा भाग ठेवलाय. पण मॅट काही मिळत नाही, मातीवर मोठे संघ यायला तयार होत नाहीत.

डावीकडच्या बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारण माहेरच्या मंडळाकडे मॅट होती. त्याच वर्षी मिळाली होती आणि देवळामागच्या खोलीत प्लास्टिकखाली गुंडाळून ठेवली होती. त्यांच्याकडे गॅलरी नव्हती. माणसं बांधावर, घरांच्या पत्र्यांवर, टेम्पोच्या टपावर बसून बघायची आणि मागल्या वर्षी एकाचा पत्रा वाकला होता.

"मॅट हाय आमच्याकडं," दादा म्हणाला. हे तो कुणाकडेच न बघता, रिकाम्या कपाकडे बघून म्हणाला.

त्यानंतरची बोलणी मी कधी विसरणार नाही, कारण ती वाकडीतिकडी होत पण पुढेच जात होती. यंदा पेणकडे, म्हणजे माहेरी भरवायची, पुढच्या वर्षी रोह्याकडे, हे फार लवकर ठरलं. अध्यक्ष कोण यावर घोडं अडलं. दादा म्हणाला, मैदान ज्याचं अध्यक्ष त्याचा. भावजी म्हणाले, मग बक्षीस देतानाच्या फोटोत आम्ही कुठं? बराच खल झाल्यावर आबांनी तोंड उघडलं. आबा आमच्या माहेरचे. उभं आयुष्य मिठागरात गेलेले, तरुणपणी कबड्डीत नावाजलेले. ते म्हणाले, मैदान ज्याचं त्याने पाहुणचार करावा आणि खुर्चीवर पाहुण्याला बसवावं. म्हणजे पेणला स्पर्धा असेल तेव्हा अध्यक्ष रोह्याचा, आणि रोह्याला असेल तेव्हा पेणचा. आपल्याच घरी पाहुण्याला जमिनीवर बसवतात का, एवढंच त्यांनी विचारलं. भावजींना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच उठून सगळ्यांसाठी वडे सांगितले.

पंचांचंही मग तसंच सुटलं. ज्यांचा सामना, त्या गावांतला पंच त्या सामन्याला नको. फक्त पेणचा संघ रोह्याच्या संघाशी खेळत असेल तर दोन्हीकडचा एकेक पंच रेषेवर आणि त्यांच्या वर मुख्य पंच अलिबागकडून बोलवायचा. तरीही वाद झाला तर तिघांनी बसून निकाल द्यायचा आणि तो दोघांनी मानायचा. तिघांत एक पेणचे, म्हणजे आबा. एक रोह्याचे, म्हणजे भावजींचे ते वेल्डिंगवाले मित्र. तिसरं कोण, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी नको म्हटलं. मी दोन्हीकडची आहे, कसाही निकाल दिला तरी एक घर माझ्यावर रुसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"वयनी, तुमी दोन्हीकडच्या हाव, म्हणूनच बसा," भावजी म्हणाले. "परका माणूस आणला तर तो कुणालाच भिणार नाय. तुमाला दोन्ही घरी जेवायला जायचं हाय."

सगळे हसले. दादाही हसला. भावजींच्या बोलण्यावर दादाला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढचे दिवस मजेचे होते. खरी अडचण निघाली ती गड्यांच्या पाळ्यांची. आजकाल आमच्याकडचे निम्मे खेळाडू कंपनीत. कुणी डोलवीला, कुणी धाटावला, कुणी नागोठण्याकडे. चिठ्ठ्या काढून सामने लावायचे तर ऐन सामन्याच्या वेळी अर्धा संघ कामावर. आजवर दोन्ही मंडळं यावरून त्या संघाला बाद करून मोकळी होत. आता दादा आणि भावजी फोनवर बसून सामने लावायला लागले. भावजींना बसमुळे धाटावच्या कुठल्या कंपनीची पाळी कधी सुटते ते पाठ होतं, डोलवीचं दादाला माहीत होतं. सुरुवातीला ते निरोप माझ्यामार्फत द्यायचे. दादा मला फोन करायचा, मी भावजींना सांगायचे, भावजी काहीतरी बदल सुचवायचे, मी परत दादाला. एके दिवशी वर्गावर असताना माझा फोन इतका वाजला की मुख्याध्यापकबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दोघांनाही एकमेकांचे नंबर पाठवून दिले. खरं तर ते दोघांकडेही आधीपासून होते. त्या दिवसानंतर मला फोन आला नाही आणि दोन-तीन दिवसांनी मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सासरची पोरं गॅलरी टेम्पोत घालून माझ्या माहेरी गेली. मीही सोबत गेले. टेम्पो खाडीकडच्या वळणावर आला तशी पोरं माना उंचावून बघायला लागली. त्यातल्या कितीतरी जणांनी हे गाव बघितलंच नव्हतं, फक्त त्याच्याबद्दल ऐकलं होतं. मैदानावर माहेरची पोरं मॅट जोडत होती.  टेम्पोचा मागचा फाळका उघडला, पाइप खाली यायला लागले आणि वजन जास्त होतं म्हणून मॅटवाली पोरं न सांगता उठून आली. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळी एकाच ओळीत उभी राहून हातोहात पाइप पुढे देत होती आणि कुणीतरी हिंदी सिनेमातल्या नटाची नक्कल करत होतं.

संध्याकाळी वहिनीने, दादाच्या बायकोने, पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरली, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पेंढा-काटक्या पेटवल्या. शेंगांचा तो वास सुटला की कुणाला घरी जावंसं वाटत नाही. भावजी बसची पाळी संपवून मोटारसायकलवरून आले. दादाने त्यांना पहिली शेंग सोलून दिली. भावजींनी ती खाल्ली आणि म्हणाले, मीठ बरोबर पडलंय. मिठागरवाल्यांच्या गावात मिठाचं कौतुक ऐकून आबा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आतच मैदान भरलं. गॅलरीत बायकांचा भाग सगळ्यात आधी भरला, कारण मुलींचा सामना पहिला होता. गडब, डोलवी, पेणपासून बायका आल्या होत्या, रोह्याहून बस भरून आली होती, आणि बस अर्थातच भावजींनी आणली होती. आमच्या मुलींसमोर पेणच्या एका कॉलेजचा संघ होता, वयाने आणि अंगाने मोठा. आमची एक बारीकशी मुलगी, डोंगरावरच्या वाडीतली, चढाईला गेली आणि तिघींच्या कड्यातून खाली वाकून निसटली तेव्हा गॅलरीतून जो आवाज उठला तसा मी त्या मैदानावर पुरुषांच्या सामन्यालाही कधी ऐकला नव्हता. मुली थोडक्यात हरल्या. पण सामना संपल्यावर बायका खाली उतरून त्यांना बघायला आल्या, कुणी दंड दाबून बघितले, कुणी गजरे काढून त्यांच्या वेण्यांत घातले. घामाने भिजलेल्या जर्सीवर अबोलीचे गजरे घालून माझ्या मुली पुढचे सगळे सामने बघत बसल्या.

उपांत्य फेरीत जे टळावं असं सगळ्यांना वाटत होतं तेच झालं. माहेरचा संघ आणि सासरचा संघ समोरासमोर आले.

सामना इतका बरोबरीचा झाला की शेवटच्या चढाईपर्यंत कुणाचं काय होणार कळत नव्हतं. माहेरचा संघ एका गुणाने पुढे होता. सासरचा गडी शेवटच्या चढाईला आला. त्याने कोपऱ्यातल्याला हात लावला, परत फिरला, तेवढ्यात दोघांनी त्याच्या पायांना मिठी मारली. तो तसाच आडवा पडला, सरपटत, हात पुढे ताणून मधल्या रेषेकडे. शिट्टी झाली. हात रेषेला पोचला असेल तर सासर जिंकलं, नसेल तर माहेर. रेषेवरच्या एका पंचाने हात वर केला, दुसऱ्याने नाही म्हणून मान हलवली. अलिबागहून आलेले मुख्य पंच पलीकडच्या बाजूला होते, मध्ये गडी पडलेले, त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांनी सरळ आमच्या टेबलाकडे बोट केलं.

 आम्ही तिघं टेबलामागे जवळ सरकून बसलो. मी म्हटलं, आधी तुम्ही दोघं सांगा. माझ्या मनात होतं की आबा माहेरच्या बाजूने बोलणार, वेल्डिंगवाले सासरच्या, आणि मग ओझं माझ्यावर.

आबा म्हणाले, हात पोचला होता, रोह्याला गुण द्या.

वेल्डिंगवाल्यांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, नाही पोचला, आमचा गडी बाद.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघेही खोटं बोलत नव्हते. आबांच्या खुर्चीवरून हात पोचलेला दिसला असावा, वेल्डिंगवाल्यांच्या खुर्चीवरून नाही. आणि दोघांनीही आपल्या गावाविरुद्ध का होईना, दिसलं ते सांगितलं होतं. मला एकदम हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. ज्या ओझ्याला मी भीत होते ते माझ्यावर आलंच होतं, पण आता त्याचं वजन वाटत नव्हतं. आमचं टेबल त्या रेषेच्या टोकाला होतं आणि मी त्या हाताकडेच बघत होते. दोन बोटं रेषेच्या पलीकडे पडलेली मी स्पष्ट पाहिली होती. मी तेच सांगितलं.

माहेर हरलं.

दादा आपल्या संघाच्या बाकाजवळ उभा होता. मला त्याचा चेहरा लहानपणापासून वाचता येतो, आणि त्या क्षणी त्याला फार लागलंय हे मला दिसलं. त्याची पोरं त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला असता चला, तर ती मैदान सोडून निघाली असती, पण त्या दिवशी मैदानही त्यांचंच होतं. दादा चालत समालोचकापाशी गेला, त्याच्या हातातला माइक घेतला, घसा साफ केला.

"निकाल झाला हाय," तो म्हणाला. "गुण रोह्याचा. आपल्या पोरांनी हात मिळवून यावं."

पोरं गेली. एकाने तर त्या सरपटलेल्या गड्याला हात देऊन उठवलं. टाळ्या आधी बायकांच्या भागातून सुरू झाल्या. भावजी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते, गळ्यात हार होता. ते उठून दादापाशी आले आणि काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तेव्हा दादा म्हणाला, काही नाही, पाणी पितोस का विचारत होता.

अंतिम सामना सासरच्या संघाने डोलवीकडच्या एका गावाशी खेळला आणि तो साफ हरला. चषक तिसऱ्याच गावाने नेला. दादा आणि भावजी चषकाच्या दोन बाजूंना उभे राहून फोटोत हसताहेत, आणि कुणाला न सांगता ओळखता येणार नाही की यात जिंकलेला कोण.

महिन्याभराने दोन्ही मंडळांची बैठक पुन्हा गडबच्या त्याच हॉटेलात होती. आता बाकडी जोडून एकच लांब टेबल केलं होतं आणि आणखी काही गावांची मंडळंही आम्हाला घ्या म्हणून आली होती. बोलणं रंगात आलेलं असताना पाचसात बायका आत आल्या. खाडीकडच्या, शेतावरून तशाच आलेल्या, पदर खोचलेला. सगळ्यात पुढे माझी वहिनी होती आणि दादाला ती येणार हे माहीत नव्हतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"आमालाबी खेळायचं हाय," वहिनी म्हणाली. "पोरींचं बघितलं. आमचा बी संघ लिहून घ्या."

 एका नव्या मंडळाचा माणूस हसला, पण बाकी कुणी हसलं नाही म्हणून थांबला. दादाने विचारलं, सराव कधी करणार तुम्ही? वहिनी म्हणाली, दुपारी भांडी झाली का करू, तुमची मॅट तवा मोकळीच असते. नियम कोण शिकवणार, असं दुसऱ्याने विचारलं. वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढची स्पर्धा रोह्याला, म्हणजे अध्यक्षपद आता पेणकडे होतं, म्हणून मतं विचारायची वेळ दादावर आली. सगळ्यात आधी हात वर केला भावजींनी.

मग रोह्याकडेही संघ हवा असं झालं आणि तो माझ्या जावेने, म्हणजे भावजींच्या बायकोने, काढला. दर शनिवारी शाळा सुटली की मी आधी सासरच्या बायकांना शिकवायचे आणि रविवारी माहेरी जाऊन तिकडच्यांना. दोन्हीकडे मला एकच गोष्ट विचारली जायची, की पलीकडच्या काय करतात. मी सांगत नसे. पायाला मिठी कशी मारायची हे शिकवताना पहिल्या दिवशी त्या इतक्या हसायच्या की कुणी कुणाला पकडायचंच राहून जायचं. नवऱ्यांच्या ट्रॅकपँट, मुलांच्या जर्स्या, केस घट्ट बांधलेले. एकीने मंगळसूत्र काढून माझ्याकडे द्यायला नकार दिला, मग त्यावर पट्टी चिकटवली.

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा रोह्याला झाली. गॅलरी आमचीच, मॅट माहेरहून टेम्पोने आली. बायकांचा सामना तिसऱ्या प्रहरी ठेवला होता आणि माझ्या नवऱ्याने पाळी बदलून घेऊन पहिल्यांदाच पूर्ण सामना जागा राहून बघितला. दादा अध्यक्षाच्या खुर्चीवर होता, भावजी पाहुण्यांच्या पाण्याचं बघत होते, आणि दोघांच्याही बायका मॅटवर समोरासमोर.

वहिनी चढाईला गेली. तिचा दम मोठा आहे, कबड्डी कबड्डी करत ती सगळ्यांच्या पुढून गेली, एकीला हात लावला, आणि परत वळताना माझ्या जावेने मागून तिच्या कमरेला मिठी मारली. दोघी आदळल्या. वहिनी मधल्या रेषेकडे ओढतेय, जाऊ मागे ओढतेय, आणि दोघींनाही एकदम हसू फुटलं. हसता हसता वहिनीचा दम तुटला. जाऊ तिला सोडायचं विसरली. मॅटवर पडून दोघी हसत होत्या आणि बाकीच्याही त्यांच्यात जाऊन बसल्या. पंच मुलगी शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती, मीही हसण्यामुळे काही सांगू शकत नव्हते.

दादा खुर्चीवरून उठून ओरडला की आमची बाद झाली, गुण रोह्याला द्या. भावजी पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाले, नको, परत खेळू द्या. वहिनी उठली, कपाळावरचे केस मागे केले, आणि आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. पंच मुलीने कुणालाच गुण दिला नाही, आणि पुढच्या चढाईला माझी जाऊ निघाली.